चित्राखालची ओळ

भालकीस आमच्या परिचयातील एक आत्याबाई राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. चिरंजीव हैदराबादेस नोकरीला असतात. त्यांनी फोनमधील वाचून दाखविण्याची सोय सुरू करून दिल्यापासून आत्याबाई भावकीच्या गटातील सारा मजकूर ऐकतात आणि बोलूनच उत्तरे धाडतात.

गेल्या वर्षी सोलापुरास त्यांचे चुलतबंधू वारले. बातमी गटात आली ती हार घातलेल्या छायाचित्राच्या रूपाने. नाव, तिथी, अंत्यविधीची वेळ, सारे त्या चित्रातच छापलेले. फोन एवढेच म्हणाला, 'फोटो', आणि त्यामागून 'जोडलेले हात'. देवदर्शनाचे चित्र असावे, असे समजून आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी नातीच्या बारशाचा बेत गटात मोठ्या हौसेने सांगितला. कोणीच काही बोलेना. दुसऱ्या कोणीतरी कळविलेच असेल, असे प्रत्येकास वाटलेले! खरे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत रे, मला कुणी सांगितलं नाही."

वाचकहो, आमच्याही घरून अशी चित्रे जातात, हे आम्हांस त्या दिवशी आठवले.

उपाय अवघड नाही. ट्विटर व फेसबुक यांनी २०१६ सालीच चित्रांच्या वर्णनाची सोय केली. ट्विटरवर ते आपण लिहावयाचे. फेसबुकवर यंत्र आपणहून अंदाज बांधू लागले. पण यंत्र सांगणार 'दोन माणसे, बाहेर'. त्यांतली एक आपली वहिनी, हे त्यास कोठून ठाऊक? अपंगांच्या हक्कांचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि माध्यमांतील मजकूर त्यांना घेता येईल अशा रूपात असावा, असे तो सांगतो. भावकीच्या गटाला मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. चित्राखाली एक ओळ लिहिली की झाले.

ओळ कशी असावी? आत्याबाईंच्या भाच्याने बीदरहून मदरशाचे चित्र धाडले आणि खाली लिहिले, 'अप्रतिम!' आत्याबाईंच्या हाती काय लागले? पुढे शहाणा होऊन त्याने लिहिले : 'महमूद गावानचा मदरसा, १४७२ सालचा. दर्शनी बाजूचा एकच मिनार उभा. त्यावर निळ्या चकाकत्या फरश्यांचे थोडे अवशेष. पुढे मी आणि धाकटी, दोघेही उन्हाने डोळे मिचकावीत.' पत्रिका किंवा निधनवार्ता असेल तर मात्र वर्णन नको, त्यातला मजकूरच पुन्हा टंकून द्यावा.

आपल्या सीमाभागातील घरांत आणखी एक अडचण आहे. मुले कन्नड वा इंग्रजी शाळांत शिकतात आणि मराठी रोमन अक्षरांत लिहितात. ते फोन इंग्रजी वळणाने वाचतो आणि 'काका'चे काय होते ते न विचारलेलेच बरे. देवनागरीत लिहिल्यास आणि फोनमध्ये मराठी आवाज बसविलेला असल्यास वाचन पुष्कळ सुधारते. कलबुर्गीच्या एका नातवाने तेवढ्यासाठी बाराखडी पुन्हा गिरविली, असे आम्ही ऐकले.

परवा लग्नाची छायाचित्रे आली. भाच्याने खाली लिहिले : 'नवरीने आत्याची जुनी हिरवी इरकल नेसली आहे, पदर मात्र नीट बसलेला नाही.' पाच मिनिटांत आत्याबाईंचा आवाज आला, "तिला म्हणावं, टाचणी डावीकडे लाव."