आजारी मूल ही शाळेचीच जबाबदारी

महामारीच्या काळात अनेक निवासी शाळांच्या नियमावलीत एक कलम आले आणि साथ ओसरल्यावरही ते तेथेच राहिले. विद्यार्थी आजारी पडल्यास पालकांनी त्यास चोवीस तासांच्या आत घरी न्यावे व तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेऊनच परत आणावे, असे ते कलम सांगते. ते बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियम करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यातील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले होते. जेथे एका खोलीत वीस मुले झोपतात, तेथे आजारी मुलास वेगळे ठेवावेच लागते. आमचा आक्षेप वेगळे ठेवण्यास नाही. ते काम शाळेने आपल्या हातून काढून पालकांच्या माथी मारावे, यास आहे.

आणि हे पालक कोण? मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारे जोडपे दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, ते उन्हाळ्यातच परतते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. एक दिवस फडावर गेले नाही, तर खाड्याची रक्कम हिशेबातून कापली जाते. मूल तापाने फणफणल्याचा निरोप येतो, तेव्हा आई सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असते आणि गावच्या घरात म्हातारी आजी एकटी असते. २०२१ च्या दिवाळीपासून कित्येक महिने एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप होता. त्या दिवसांत खासगी गाडीचे भाडे कर्जाने उभे करायचे, मुलास एका खोलीच्या घरात आजीशेजारी निजवायचे, तपासणीचे पैसे भरायचे आणि पुन्हा शाळेत पोहोचवायचे. यात साथ कोठे अडली? ती शाळेतून निघून अशा घरात गेली, जेथे वेगळी खोलीच नव्हती. शिवाय प्रमाणपत्राअभावी जे मूल आठवडाभर घरी राहते, ते कधी कधी परत येतच नाही. मुलगी असेल, तर ही भीती अधिक.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे १८९७ चे पुणे आठवते. प्लेगच्या त्या साथीत सरकारी शिपाई घरात शिरून रुग्णांना उचलून नेत होते. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना चालविला. तोही गावाबाहेरच होता, तेथेही रुग्ण वेगळाच ठेवला जाई. पण तो सेवेसाठी. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या शाळांनी या दोन प्रकारच्या वेगळेपणातील अंतर विसरता कामा नये.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्यास स्वतः धुतले, मंचावर निजविले आणि मग संघास समज दिली, की येथे आल्यावर तुमचे आईबाप जवळ नाहीत; तेव्हा एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच केली पाहिजे. वसतिगृहासाठी याहून नेमका नियम आम्हांस माहीत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : प्रत्येक निवासी शाळेत स्वतंत्र शौचालयासह आजारी कक्ष असावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी कायमची व्यवस्था असावी आणि तेथील डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी मानावी. पालकांकडून प्रमाणपत्राचा खर्च मागू नये. आजाराचे दिवस गैरहजेरीत धरू नयेत. रोज संध्याकाळी मुलाचे पालकांशी फोनवर बोलणे करून द्यावे. घरी न्यायचे की नाही, हे पालकांनी ठरवावे.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचारी अपुरे आहेत. परंतु आपल्या शाळांतून शिकलेले अनेकजण आज परिचारिका, डॉक्टर, औषधविक्रेते आहेत. स्मरणिका हाती घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की प्रवेशद्वाराची कमान किंवा सभागृहातील खुर्च्या यांआधी आजारी कक्षातील चार खाटांचा विचार व्हावा. महिन्यातून एक रविवार कोणी तेथे येऊन मुलांना तपासले, तरी एखाद्या आईचा फडावरचा खाडा वाचेल.