परसातली गोगलगाय आणि बाईची मजुरी

सोनगीर म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना दिसणारा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी. तिसरी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. तांबट असो, शेतकरी असो की मजूर, घरामागे मोरीचे पाणी जिथे जाते तिथे बाईने चार वांगी, दोन गिलक्यांचे वेल, मेथी-पोकळ्याचा एखादा वाफा लावलेला असतो. घरधनी त्याला शेती म्हणत नाही. सरकार तर म्हणतच नाही. पण आठवड्याच्या बाजारात भाजीवर खर्च होणारा पैसा ज्या घरात वाचतो, तो या वाफ्यामुळे वाचतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका परसात आम्ही उभे होतो. बाई सांगत होती, "भाऊ, रातले पाऊस पडना नि सकायले देखं ते रोपं गायब." शेंडा खुडलेला, देठ तेवढा उभा आणि पानावर वाळलेल्या शेंबडासारखी चकचकीत रेघ. शेजारच्या म्हाताऱ्या तांबटाने वाफ्याभोवती तांब्याची कातरण टाकून दिली होती. तांबे गोगलगायीला सोसत नाही, हा त्याचा भरवसा. कातरणीच्या आत तीन गोगलगायी निवांत बसलेल्या होत्या.

म्हाताऱ्याची थट्टा करण्यासाठी हे लिहीत नाही. त्याने ऐकले ते खोटे म्हणावे असेही नाही. गोगलगायीचा चिकट स्राव तांब्याला लागला की तिला त्रास होतो आणि एखादी माघारीही फिरते. पण भुकेली गोगलगाय, ओली रात्र आणि मातीने माखलेले तांबे एकत्र आले की तो धाक उरत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने लेट्यूसच्या वाफ्यांवर याची परीक्षा घेतली. तांब्याची पट्टी, अंड्याची टरफले, खडी, झाडाच्या सालीचा भुगा, लोकर असे सगळे लावून पाहिले. २०१८ साली निकाल सांगितला की काहीही न लावलेल्या वाफ्यापेक्षा यांपैकी एकानेही फरक पडला नाही. तेव्हा घरातले तांबे भांड्यांसाठी राहू द्यावे.

ही मोठी शंखी गोगलगाय मूळची आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजाने हौसेने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या आणि तिथून देशभर पसारा झाला. साहेबाचा छंद, भोगायला आपण. पुढे रोपवाटिकेतल्या पिशव्यांबरोबर, मातीबरोबर, शेणखताच्या ट्रॉलीबरोबर ती गावोगाव गेली. आजही ती तशीच येते. विकत आणलेल्या रोपाची पिशवी उलटी करून कुणी पाहत नाही.

खान्देशातला उन्हाळा तिला मारील असे वाटते. ती मरत नाही. शंखाचे तोंड बंद करून जमिनीत, दगडाखाली, भिंतीच्या खपल्यात महिनोन् महिने पडून राहते आणि जूनच्या पहिल्या सरीला उठते. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी असे नाही. प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत अंडी, साबुदाण्यासारखी, ओल्या मातीत दडवलेली, आणि वर्षातून अशा अनेक खेपा. पहिल्या पावसानंतर वेचलेली एक गोगलगाय आणि ऑगस्टात वेचलेली एक गोगलगाय यांची किंमत सारखी नाही, ती का, ते यावरून समजावे.

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत उगवते सोयाबीन या गोगलगायींनी फस्त केले. लोकांना दुबार-तिबार पेरणी करावी लागली. ओरड झाली, पंचनामे झाले आणि सप्टेंबरात शासनाने या तीन जिल्ह्यांसाठी सुमारे ९८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. गोगलगायीने नुकसान होते हे निदान सरकारदरबारी मान्य झाले. पण मदत हेक्टरी, आणि हेक्टर सात-बाऱ्यावर. परसबाग असते गावठाणात. गावठाणाला सात-बारा नाही, म्हणून तिथले पीक पीक नाही, म्हणून तिथले नुकसान नुकसान नाही. शिवाय सात-बाऱ्यावर नाव असते ते बहुतेक बाप्याचे. बाईची गोगलगाय कोणत्याच रकान्यात बसत नाही.

शेतकरी चळवळीला हा विषय नवा नाही. चांदवडला १९८६ साली महिला अधिवेशन झाले तेव्हापासून बाईच्या कष्टाचा हिशेब मांडण्याचे काम चालू आहे. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमाने हजारो घरांत बाईच्या नावावर जमीन झाली. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तिचे पहिले अंग सीताशेती. बाईने आपल्या तुकड्यावर बाहेरून काही विकत न आणता पिकवून पाहावे, निरीक्षण करावे, प्रयोग करावेत. परसातला वाफा ही त्या सीताशेतीची सर्वांत लहान प्रयोगशाळा आहे.

आता औषधाचे. कृषी केंद्रात गेले की मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पुढे येतात. आम्ही औषधाच्या विरोधात नाही. दोन एकर पपईत कुणी हिशेब करून त्या टाकल्या तर तो त्याचा निर्णय, आणि तो घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असलेच पाहिजे. परसाची गोष्ट वेगळी. त्या गोळ्या कोंबडी टिपते, कुत्रे खाते, शेळी तोंड घालते, आणि रांगते पोर काय उचलील याचा नेम नाही. ब्रिटनने २०२२ च्या एप्रिलपासून उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरण्यावर बंदी घातली, ती पाखरे आणि वन्य प्राणी मरतात म्हणून. तंबाखूचा काढा 'नैसर्गिक' म्हणून सांगितला जातो. निकोटीन झाडातून आले म्हणून अमृत होत नाही. संध्याकाळी खुडायच्या मेथीवर ते नकोच.

मीठ तर अजिबात नको. गोगलगाय मरते आणि वाफाही मरतो. राख चालते, ती कोरडी आहे तोवर. एका सरीत तिची चिखलवट होते. कळीच्या चुन्याचा चार-पाच बोटे रुंद पट्टा कोरड्यात बरा अडसर करतो, पण आपल्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीच्या, त्यात दर पावसाला नवा चुना ओतणे शहाणपणाचे नाही. शिवाय पाणी-हवा लागून चुन्याचा दाह गेला की गोगलगायीला तो हवाच असतो, शंख बांधायला. चुना फासलेल्या भिंतीवर रात्री ती कशासाठी चढते असे तुम्हाला वाटते? विलायतेत बिअरची वाटी पुरून ठेवतात म्हणे. तो सल्ला आपल्या घरांतून न दिलेलाच बरा.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. वेचणे. तागाचे गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून सूर्य मावळताना वाफ्याच्या कडेला अंथरावे, त्याखाली पपईची साले किंवा कोबीची पाने टाकावीत. रात्री बॅटरी घेऊन एक फेरी, पहाटे उन्हाआधी गोणपाट उलटून दुसरी. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात आणि मेल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात. वाफ्यातच ठेचू नयेत, पोटातली अंडी तिथेच राहतात. बिनशंखाची, काळी चपटी जी असते तिलाही हाच न्याय. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत गोगलगायीतून माणसात येतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. त्याच कारणाने परसातली भाजी धुतल्याशिवाय पोराच्या हातात देऊ नये.

बाकीचे सगळे वेचणे हलके करण्यासाठी. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. मोरीच्या तोंडाशी साचलेले दगड, फुटके डबे, पालापाचोळा उचलावा. कुदळीने वाफ्याच्या कडा उकरून अंड्यांचे पुंजके उन्हात टाकावेत, कोंबड्या उरलेले काम करतात. भारद्वाज गोगलगाय फोडून खातो, काजव्याची अळी तिच्या शंखात शिरून तिला खाते. कुंपणावर सरसकट फवारा मारला की हे दोघे आधी जातात. बाहेरून शत्रू आणून सोडण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. हवाईत १९५५ साली गोगलगाय खाणारी गोगलगाय आणून सोडली. तिने तिथल्या मूळच्या गरीब गोगलगायी संपवल्या आणि आफ्रिकेची पाहुणी तशीच राहिली.

आता खरा मुद्दा. हे सगळे बिनखर्ची म्हणून सांगितले जाते. शिबिरात साहेब सांगतात, "ताई, काही पैसे लागत नाहीत." पैसे लागत नाहीत, कारण ताईची मजुरी कुणी धरत नाही. रात्री अर्धा तास, पहाटे अर्धा तास, पहिल्या पावसापासून वीस दिवस, म्हणजे वीस तास. आठ तासांच्या दिवसाने अडीच रोज झाले. गावात बाईला जो रोज चालू असेल त्याने गुणावे. गोळ्यांच्या पाकिटापेक्षा आकडा मोठा येईल, हे आम्ही लपवीत नाही. कापसाच्या भावासाठी उत्पादनखर्च मांडताना घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडलो. आपल्याच परसात ती शून्य धरायची, हा कुठला न्याय? तेव्हा बाईने ती वहीत लिहावी, वाचलेल्या भाजीची किंमत समोर लिहावी आणि मग ठरवावे. आणि वीस तासांतले दहा तास घरधन्याने केले तर त्याचा पीळ जात नाही. बॅटरी तर तो धरू शकतो.

दुसरे, एकट्या घराने वेचून भागत नाही. गोगलगाय भिंत ओलांडते, तिला जात, पक्ष, भाऊबंदकी माहीत नाही. शेजारचा उकिरडा तसाच राहिला तर तुमची बादली रोज भरेल. आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात वेचायला हवे. ग्रामपंचायतीने गटारीकडेच्या मलब्याचे ढीग मे महिन्यातच उचलावेत, ही मागणी ग्रामसभेत लेखी द्यावी. कृषी खात्याने परसबागेचे नुकसानही नोंदवावे, ही मागणी जिल्हा बैठकीत मांडली जाईल. ज्यांनी वही ठेवली असेल त्यांनी ती बरोबर आणावी, तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

गोणपाटे आत्ताच बाजूला काढून ठेवा. खताची प्लास्टिकची गोणी चालत नाही, ती ओल धरत नाही. तागाचीच लागते, आणि जूनमध्ये ऐनवेळी ती घरात सापडत नाही.