परतीचें त्रैराशिक

आमच्या पुतण्यानें नाताळच्या सुटींत सहकुटुंब शिडाच्या होडींतून मुंबईहून हर्णैस जाऊन येण्याचा बेत आंखिला व त्याचा कागद आमच्यापुढें ठेविला. जातांना चार दिवस, येतांना चार. बरोबर सत्तरी उलटलेल्या आमच्या वहिनी व सहा वर्षांची नात. कागद सुरेख होता; वाऱ्याचा मात्र त्यांत कोठेंच उल्लेख नव्हता!

अंतराचा हिशेब सोपा आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल (१८५२ मीटर), आणि हा किनारा बहुतेक दक्षिणोत्तर. मुंबई १८ अंश ५५ कला, रेवदंडा १८-३३, जंजिरा १८-१८, श्रीवर्धन १८-२, हर्णै १७-४९. म्हणजे टप्पे सुमारें २२, १५, १६ व १३ मैलांचे. ताशीं चार मैल धरिले व मुलें-वृद्ध बरोबर असतां पांच तासांहून अधिक होडींत बसवूं नये असें ठरविलें, तर दिवसाची मजल वीस मैल.

परंतु हिंवाळ्यांत दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो. जातांना तो पाठीशीं. परततांना जवळजवळ तोंडावर. वाऱ्याच्या तोंडीं होडी सरळ चालत नाहीं, नागमोडी जाते, वेगहि घटतो. पहाटेचा मतलई वारा पूर्वेकडून थोडें साह्य करितो, तरी आम्ही परतीस दीडपट वेळ धरितों. हर्णैहून ६६ मैलांस पंचवीस तास, म्हणजे पांच दिवस. आठांत नऊ कसे बसावे? श्रीवर्धनाहून वीस तास, चार दिवस. जातांना तीन, येतांना चार, आणि वारा पडला तर एक दिवस हातीं.

दुसरी गोष्ट भरतीची. खाड्यांच्या मुखाशीं वाळूचे दांडे असतात. ओहोटीस तेथें पाणी उथळ होऊन लाटा फुटतात. सायंकाळीं लेंकरांसह तेथें अडकणें हा खेळ नव्हे. पंचांग घरांत आहेच. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची स्थूल वेळ मिळते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. दुपारीं तिनाला मुखाशीं पोंचणाऱ्यास चतुर्थी उत्तम, द्वादशी वाईट. पक्क्या वेळा छापील कोष्टकांत पाहाव्या.

पुतण्यानें कागदावरून हर्णै खोडलें. वहिनींस सुवर्णदुर्ग पाहावयाचा होता, त्या रुसल्या. दापोलीवरून हर्णैस एस. टी. जाते, हें आम्हीं त्यांस सांगितलें आहे.