‘किरकोळ आहे हो, वहिनी!’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. पाच वर्षं पैसे साठवून तिने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. घरात लगेच चर्चा सुरू! ‘मुलीच्या जातीला हे खूळ कशाला?’ ‘एवढ्या पैशांत सोनं झालं असतं.’ ती हसायची आणि गाडी पुसत बसायची.

आमच्या माणमध्ये जिथे भाताची खाचरं होती, तिथे आयटी पार्क आला. शिवाजीनगरच्या मेट्रोची मार्गिकाही इथूनच सुरू होते. पण पावसाळ्यातले खड्डे काही चुकत नाहीत. अशाच एका खड्ड्यात तिचं चाक पंक्चर झालं. मी आणि आमचे हे बरोबर होतो. पंक्चरच्या दुकानातल्या पोराने नेहमीचा जॅक कसाबसा तिरका करून दाराखाली मधोमध घुसवला. जमीन ओली होती. गाडी वितभर उचलली गेली आणि धाडकन जॅकवरून घसरली.

पोरगं पांढरंफटक पडलं. मालक धावत आला, वाकल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘किरकोळ आहे हो, वहिनी! पत्रा जरासा चेपलाय. साहेब, बिनधास्त घेऊन जा.’ साहेब म्हणजे आमचे हे. गाडी भाचीची, किल्ली तिच्या हातात, आणि उत्तर मात्र ह्यांना!

येत्या रविवारी ती ताम्हिणी घाटातून कोकणात जाणार होती, एकटी. मी म्हटलं, ‘आधी गाडी खालून बघायची. मग घाट.’

मी कलाशाखेची, मला गाडीतलं काय कळणार? पण पिंपरी-चिंचवड, चाकणच्या या पट्ट्यात जाणकार शेजारीच सापडतो. शेजारच्या काकूंचा मुलगा कारखान्यात गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. त्याने सोप्या शब्दांत सांगितलं. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते, तिला चासी म्हणतात. हल्लीच्या बहुतेक कारना अशी वेगळी चौकट नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्डिंग करून जो सांगाडा तयार होतो, तोच सगळा भार पेलतो. म्हणून जॅक वाटेल तिथे लावायचा नाही. पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या कडेला त्याची ठरलेली मजबूत जागा असते. बहुधा तिथे खाच किंवा खूण असते आणि गाडीच्या पुस्तकात चित्रही असतं. स्पोर्ट्‌स कार बुटकी, तिच्यासाठी जॅकही बुटका लागतो. काही गाड्यांच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम असतं, ते वाकलं तर साध्या पत्र्यासारखं ठोकून सरळ करता येत नाही.

सांगाड्याचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या टकरीच्या चाचणीत आदळून बघितल्या. त्यातल्या काहींचा सांगाडाच तकलादू निघाला. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली आहे. टकरीत माणसाला वाचवतो तो आधी सांगाडा.

आम्ही घरीच थोडं तपासलं. दाराच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का? दार पूर्वीसारखं लागतं का? आतली मॅट उचलून बघितली, तळाचा पत्रा वर आलाय का? रंग तडकलाय का? तडकलेल्या रंगातून पाणी शिरून गंज धरतो. गाडीखाली तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा ओघळ आहे का? मात्र मैत्रिणींनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. खालून बघायचं ते गॅरेजमधल्या लिफ्टवरच.

मग एका चांगल्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि उलट, अशी तिरकी मापं घेतली. पलंगाची चौकट काटकोनात आहे का हे सुतार बघतो, तसंच. मापं कंपनीच्या तक्त्याशी जुळली. सांगाडा शाबूत होता. दाराखालची कड वाकली होती, ती सरळ करून गंजरोधक रंग दिला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, ‘झाला ना उगाच खटाटोप?’ तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, हे बघा.’ जॅकचं डोकं आत सरकून ब्रेकची नळी चेपली होती. ताम्हिणीच्या उतारावर ब्रेकच कमी पडला असता तर? हे गप्प झाले.

नळी बदलली. फोटो आणि लेखी अहवाल घेऊन भाची स्वतः पंक्चरवाल्याकडे गेली. कागद बघितल्यावर त्याने निम्मा खर्च मुकाट दिला. मी एकच अट घातली, त्या पोराच्या पगारातून कापायचं नाही. जॅक कुठे लावायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं!

समजा, दुकानदाराने हात वर केले, तरी पावती आणि फोटो असतील तर मार्ग आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हलगर्जी झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर सल्लाही मिळतो.

महिला मंडळात बायका येतात, पाठदुखी, अशक्तपणा घेऊन. ‘किरकोळ आहे हो,’ म्हणून घरच्यांनी आणि आपण स्वतःही सोडून दिलेलं. वरून दिसत नाही ते नसतंच, असं आपल्याला सवयीने वाटतं. गाडी असो की शरीर, ‘मला दाखवा’ म्हणायला लाजायचं कशाला? गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांत आज बायका उभ्या राहून काम करतात. आपल्याला निदान वाकून बघता यायला हवं.

पुढच्या रविवारी भाची कोकणात गेली. निघताना गाडीच्या पुस्तकातलं जॅकचं पान तिने दुमडून ठेवलं होतं. तुमच्या घरच्या गाडीचं ते पान कुठे आहे, आज जरा शोधाल का?