फॉरमॅट मारा म्हणे!

वीज गेली, लिनक्स सुरू होईना, की दुरुस्तीवाल्याचा एकच मंत्र: "फॉरमॅट मारा!" अहो, कौलं सरकली म्हणून कोणी घर पाडतं का? आमच्या पूर्णगडला मुचकुंदीच्या मुखाशी वारा सुटला की वीज गेलीच समजा. दर वेळी आजीचे फोटो नि जमिनीचे कागद पुसायचे?

वेळ वाचतो म्हणे. वाचतो त्याचा, जातं आपलं!

एक्स्ट४ फाइल सिस्टीम बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये करते, त्यामुळे अर्धवट काम बहुतेकदा आपोआप निस्तरतं. नाहीच निस्तरलं, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि डिस्क माउंट न करता एफएससीके चालवा. सुपरब्लॉक बिघडला? त्याच्या प्रती असतात. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर. अनाथ फायली लॉस्ट+फाउंडमध्ये सापडतात.

एफएससीके म्हणजे देव नव्हे, हेही खरं. ते फाइल सिस्टीमची रचना सांधतं, हरवलेला मजकूर परत आणत नाही. डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर आधी डीडीरेस्क्यूने नक्कल घ्या, दुरुस्ती नकलेवर करा.

हे सगळं करून हरलात, तर खुशाल फॉरमॅट मारा. त्याआधी नाही!