फडके सगळ्यात शेवटी

हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. धुळीच्या रस्त्याने गाड्या येतात, दुर्बिणी बाहेर निघतात आणि नावेत बसता बसता बऱ्याच जणांचे हात एकच काम करतात. शर्टाचे टोक किंवा ओढणीचा पदर पकडायचा, भिंगावर एक फुंकर मारायची आणि गोल गोल घासायचे. यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण चष्माही आपण असाच पुसतो. माझे मत मात्र स्पष्ट आहे: दुर्बिणीचे जेवढे नुकसान धूळ करते, त्याहून कितीतरी जास्त हे पुसणे करते.

याचे कारण भिंगावरच्या लेपात आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत भिंगे आणि लोलक मिळून असे दहा किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग असतात. हिशेब केला तर जवळपास एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही, शिवाय परत फिरलेला प्रकाश आतच भरकटून प्रतिमा फिकी करतो. जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर उपाय काढला. त्यांनी काचेवर अतिशय पातळ पारदर्शक थर चढवला. आज भिंग तिरके धरले की जी जांभळट किंवा हिरवट झाक दिसते, ती अशाच थरांची. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा एक थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही पातळ. दुर्बिणीच्या किमतीतला मोठा वाटा या लेपांचा असतो आणि शर्टाच्या टोकाने आपण घासतो तेही हेच लेप.

आता धुळीकडे पाहू. रस्त्यावरच्या धुळीत आणि समुद्रकाठच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. मोजच्या कठीणता मापनात क्वार्ट्झ ७ वर येते, तर साधारण काच साडेपाचच्या आसपास. असे कण भिंगावर असताना फडके फिरवले, तर फडके कितीही मऊ असो, त्याचा पॉलिश पेपर होतो. चरे एका दिवसात दिसत नाहीत. दोन-तीन वर्षांनी उन्हाच्या दिशेने पाहिले की सगळे दृश्य दुधाळ दिसू लागते, आणि मग दुर्बीण 'जुनी झाली' असे आपण म्हणतो.

बरे, त्या धुळीने नेमके काय बिघडते? ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगावर एक मिलिमीटरचा ठिपका बसला, तर तो सुमारे १७५० वा हिस्सा प्रकाश अडवतो. तो डोळ्याला दिसतही नाही, कारण तिथे नजर केंद्रितच होत नाही. पुढच्या मोठ्या भिंगावर चार-दोन कण असले तर खुशाल असू द्यावेत. टॉर्च मारून भिंग तपासण्याची सवय काहींना असते. टॉर्चच्या प्रकाशात कोरी करकरीत दुर्बीणही घाणेरडीच दिसते, त्यामुळे त्यावरून पुसायचा निर्णय घेऊ नये. आणि तपासण्यासाठी दुर्बीण सूर्याकडे तर कधीही धरू नये. क्षणभराच्या नजरेनेही दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

खरा त्रास देतो तो तेलकटपणा. बोटांचे ठसे, पापण्यांचा तेलकट अंश, काजळ, सनस्क्रीन. हे सगळे डोळ्याकडच्या लहान भिंगावर जमते आणि तिथे ते जास्त जाणवते, कारण सगळा प्रकाश तेवढ्याशा जागेतून बाहेर येतो. तेलाचा पातळ थर प्रकाश विखुरतो, त्यामुळे पक्ष्याच्या पिसांवरचे बारीक रंग हरवतात. ठसा मात्र महिनोन्महिने तसाच ठेवू नये. घामातली आम्लता आणि क्षार लेपावर डाग पाडू शकतात.

घरी स्वच्छ करायचे तर क्रम महत्त्वाचा. आधी हवा. फोटोग्राफर वापरतात तो रबरी फुग्याचा ब्लोअर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. भिंग खाली तोंड करून धरायचे, म्हणजे उडालेले कण पुन्हा त्यावर बसत नाहीत. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे तुषार उडतात. दाबलेल्या हवेच्या डब्यातून कधी कधी द्रवच बाहेर येतो. त्यानंतर मऊ कुंचला, जो याच कामासाठी राखलेला असेल आणि ज्याच्या केसांना बोट लागलेले नसेल. बोटाचे तेल कुंचल्याला, कुंचल्याचे भिंगाला, असा तो प्रवास होतो. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते आणि तिथेच थांबावे. ठसा उरलाच असेल तर लेन्ससाठीच्या द्रावणाचा एक थेंब फडक्यावर घ्यावा, भिंगावर थेट नाही, कारण थेंब ओघळून कडेने आत शिरतो. मग स्वच्छ मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे, अजिबात जोर न लावता. हे फडकेही साध्या साबणाने धुवावे. कपडे मऊ करणारे कंडिशनर त्यात राहिले तर तेच भिंगावर उतरते.

काच पुसायचे अमोनियायुक्त द्रावण, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, टिश्यू पेपर यातले काही नको. करोनानंतर प्रत्येक पिशवीत सॅनिटायझर असतो, तोही नको. त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो.

रानात एवढे सामान नसते. तिथे झाकणे लावलेली ठेवणे हाच निम्मा उपाय. एका टोकाला कुंचला असलेले लेन्स पेन खिशात मावते. कण झटकून झाल्यावर 'हा' करून हलकी वाफ सोडून ठसा पुसता येतो, पण कण झटकल्याशिवाय नाही. समुद्रावर मिठाचे तुषार बसले असतील आणि दुर्बीण पूर्ण जलरोधक असेल, तर घरी येऊन नळाच्या मंद धारेखाली धुतलेली सगळ्यात चांगली. मीठही जाते, वाळूही जाते, घासावे लागत नाही. 'पाण्याचे तुषार सहन करणारी' आणि 'जलरोधक' यात फरक आहे, तेवढा माहितीपत्रकात वाचून घ्यावा. डास पळवणाऱ्या मलमात 'डीट' हे रसायन असेल तर हात धुऊनच दुर्बीण उचलावी. ते प्लास्टिक मऊ करते. आणि एसीच्या खोलीतून पहाटे बाहेर पडल्यावर धुके धरले तर पुसत बसू नये. दुर्बीण पिशवीत ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

आपल्याकडे याहून मोठा शत्रू पावसाळ्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. ६५-७० टक्क्यांपुढे बुरशीला मानवते. अंधार आणि न हललेली हवा मिळाली की दुधात साखर. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू भिंगावर पसरतात, त्यांतून स्रवणारी आम्ले लेप आणि काच कोरतात, आणि मग बुरशी काढली तरी नक्षी राहते. म्हणूनच मला त्या देखण्या चामडी पेट्यांचा राग येतो. चामडे ओल धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, हे त्याहून कितीतरी बरे. जेलचा रंग पालटला की बदलावी. निळी जेल मुलांच्या हाती लागू देऊ नये, तिच्या रंगात कोबाल्ट असते. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवू नये, त्यांची वाफ भिंगावर बसते. बुरशी आत शिरली असेल तर दुर्बीण घरी उघडू नये. दोन नळ्यांची जुळणी जराशी ढळली तरी डोळे दोन प्रतिमा एकत्र आणायला झगडतात आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते.

माझी तक्रार विक्रेत्यांविषयी आहे. हजारो रुपयांच्या दुर्बिणीबरोबर खोक्यात एक फडके मिळते, ब्लोअर मिळत नाही. नवा माणूस साहजिकच फडक्यापासून सुरुवात करतो. पक्षीनिरीक्षणाच्या सहली नेणारे गट मुलांना पक्ष्यांची नावे उत्साहाने शिकवतात. निघण्यापूर्वी पाच मिनिटे ब्लोअर हाताळायला दिला तर गटाच्याच दुर्बिणी वाचतील. आकाशदर्शनवाल्यांना हे अधिक चांगले कळते. आरशाच्या दुर्बिणीत ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला उघडाच असतो, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. आरशावर दव पडले तर तो आपोआप सुकू देतात.

आणि हो, चष्मा. आजच्या बहुतेक चष्म्यांची भिंगे प्लास्टिकची असतात, काचेहून मऊ, आणि त्यांच्यावरही असेच लेप असतात. सकाळी नळाखाली धरा, साबणाच्या एका थेंबाने बोटांनीच हलके धुवा, पाणी झटका, आणि मग फडके घ्या.