पाच रंग, चार शाया

महावीर जयंती जवळ आली की नागपुरातील छपाईच्या दुकानांत शोभायात्रेच्या पत्रिका, फलक आणि स्टिकर यांची लगबग सुरू होते. त्या बहुतेकांवर पंचरंगी ध्वज असतो. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ मध्ये, सर्व संप्रदायांनी मिळून हा ध्वज स्वीकारला. श्वेत रंग अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि काळा अथवा गडद निळा साधूंचा. येथे रंग केवळ शोभेसाठी नसून तो पंचपरमेष्ठींचे स्मरण आहे. म्हणूनच तो चुकीचा छापला गेला तर मनाला लागते. त्यातच पवित्र चिन्ह असलेल्या पत्रिका रद्दीत टाकणे म्हणजे अविनय, आणि त्या पुन्हा छापणे म्हणजे खर्च.

आपल्याकडे हे काम बहुधा कोरलड्रॉमध्ये होते. कॅनडातील ओटावा येथील कोरल कंपनीने हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आणले. यातील व्हेक्टर चित्र ठिपक्यांचे नसते, रेषा आणि वक्रांच्या गणिताचे असते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचा ध्वज मोठ्या फ्लेक्सवरही तितकाच रेखीव राहतो. प्रत्येक बंद आकृतीला दोन ठिकाणी रंग देता येतो, आत आणि कडेला. पॅलेटमधील रंगावर माउसचे डावे बटण दाबले की आतला रंग भरतो, उजवे दाबले की कडेची रेषा रंगते. फुलीच्या चौकोनाने रंग काढला जातो.

खरी अडचण पुढे येते. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. या पद्धतीला आरजीबी म्हणतात. ऑफसेट छपाई मात्र आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांवर चालते. ती सीएमवायके पद्धत. पडद्यावरचा संत्र्यासारखा झळाळता केशरी किंवा तेजस्वी हिरवा या चार शायांतून तसाच उतरत नाही, थोडा मंदावतो. तो दोष छापखान्याचा नव्हे. त्यासाठी रंग सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच निवडावेत. लालसाठी किरमिजी १०० आणि पिवळी १००, पिवळ्यासाठी फक्त पिवळी १००, हिरव्यासाठी आकाशी १०० आणि पिवळी १००, हा सोपा आरंभ आहे. गडद निळा हवा असेल तर किरमिजीचे प्रमाण आकाशीपेक्षा बरेच कमी ठेवावे. दोन्ही सारख्या घातल्या तर छपाईत जांभळी छटा येते.

काळ्या रंगासाठी, विशेषतः बारीक अक्षरांसाठी, फक्त काळी शाई १०० ठेवावी. चारही शाया मिसळून केलेला काळा पडद्यावर ठीकच दिसतो. पण छापताना शायांची जुळणी केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडेला रंगीत सावली पडते.

सर्वाधिक फसवा रंग पांढरा. ‘पांढरा भरलेला’ आणि ‘काहीच न भरलेला’ पट्टा पांढऱ्या पानावर सारखाच दिसतो. परंतु वहीत शून्य लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे यांत जो फरक, तोच येथे आहे. ध्वजामागे पिवळी पार्श्वभूमी येताच कोरा पट्टा पिवळा होतो आणि अरिहंतांचा श्वेत रंग नाहीसा होतो. शिवाय ऑफसेटच्या चार शायांत पांढरी शाईच नसते. पांढरा म्हणजे कागदाचा रंग. पत्रिकेचा कागद हस्तिदंती असेल तर पट्टाही हस्तिदंतीच दिसेल. अशा वेळी पांढरा कागद घ्यावा, अथवा स्क्रीन प्रिंटिंगने पांढरी शाई वेगळी द्यावी.

व्यापाराच्या कामातही हेच नियम लागतात. इतवारीतील मसाल्याचे पाकीट असो वा गांधीबागेतील साडीची पिशवी, ग्राहक माल रंगावरून ओळखतो. कोरलड्रॉमधील ‘कलर स्टाइल्स’ येथे उपयोगी पडतात. पेढीचा लाल रंग एकदा स्टाइल म्हणून नोंदवून सर्व आकृत्यांना लावला, की मूळ नोंद बदलताच त्या फाइलमधील प्रत्येक जागी तो बदलतो. एकही आकृती जुन्या रंगात राहत नाही. खाकी पुठ्ठ्याच्या खोक्यावर मात्र पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो. तेथे काळा किंवा गडद रंग घ्यावा.

काम देणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. पेढीच्या रंगांचे चारही आकडे कागदावर लिहून फाइलीस लावावेत, म्हणजे डिझायनर बदलला तरी रंग बदलत नाही. मंजुरी मोबाइलवरील चित्र पाहून देऊ नये. ज्या कागदावर छपाई होणार, त्याच कागदावरील नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा. आणि फ्लेक्सचा नमुना पत्रिकेसाठी प्रमाण मानू नये, कारण दोन्हींची यंत्रे आणि शाया निराळ्या असतात. नमुन्याला लागणारा अर्धा दिवस आधीच हिशोबात धरला, तर उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे उघडताना कोणाला धडकी भरणार नाही.